मोठं मांजर घरी आणलंत? आधी त्याची ताटली बघा

पिल्लू आणणाऱ्यांची पत्रं नेहमीच येतात. हल्ली मात्र पाच-सात वर्षांचं मांजर दत्तक घेणाऱ्यांची पत्रं जास्त येऊ लागली आहेत. कुणाची पुण्या-बेंगळुरूला बदली होते, कुणाचे आई-वडील जातात, आणि मागे राहिलेलं मांजर इंदुरातलं एखादं दुसरं घर सांभाळायला घेतं. चांगलं आहे. पण या सगळ्या पत्रांत घोळ एकच आहे. जिथे वेळ द्यायचा तिथे लोक घाई करतात आणि जिथे घाई करायची तिथे "रुळेल हळूहळू" म्हणून बसून राहतात. मांजर लपतं, जवळ येत नाही, आवाज काढत नाही, याला वेळ द्या. मांजर खात नाही, त्याला लघवी होत नाही, तोंड उघडं टाकून श्वास घेतं, याला देऊ नका. आता पत्रं.

प्रश्न: चार वर्षांची मांजरी रविवारी घरी आणली. तेव्हापासून ती दिवाणाखालीच आहे. मुलं टॉर्च मारून बघतात. ह्यांनी दोनदा ओढून बाहेर काढली आणि मांडीवर घेतली, तर ओरबाडून परत आत. तिला बाहेर कसं काढायचं? (सुदामानगर)

उत्तर: काढायचं नाही. टॉर्च आजच कपाटात ठेवा, आणि ह्यांना सांगा की त्यांच्या हातावर तिचा विश्वास बसायला आता घरातल्या इतरांपेक्षा जास्त दिवस लागतील.

वास, आवाज, माणसं, फरशी, सगळं एका दिवसात बदललं. मांजर उंदराची शिकार करतं हे आपल्या लक्षात असतं, पण ते स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होऊ शकतं हे विसरायला होतं. अनोळखी जागी त्याचं पहिलं काम म्हणजे पाठ भिंतीला लागेल आणि तोंड बाहेरच्या बाजूला राहील असा कोपरा शोधणं. तुमची मांजरी अगदी शहाण्यासारखी वागते आहे. नेदरलँड्समधल्या एका निवाराघरात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोकं मिळालेल्यांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसला. म्हणजे लपू दिलं की मांजर लवकर बाहेर येतं.

तिला एकच खोली द्या, दार बंद होणारी. सगळं घर एकदम नको. एका कोपऱ्यात शी-लघवीसाठीच्या वाळूचा, म्हणजे लिटरचा, ट्रे आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यात पाणी व अन्न. ट्रेला खेटून ताटली ठेवणारे बरेच असतात. आपण संडासाच्या दारात पान वाढत नाही. पुठ्ठ्याची एक-दोन खोकी आडवी ठेवा, कपाटावर किंवा फळीवर चढता येईल अशी उंच जागा मोकळी करा. आधीच्या घरातली एखादी चादर मागून घ्या आणि ती धुऊ नका, धुतलीत तर तिचा उपयोगच गेला. मग रोज दोन-तीनदा खोलीत जाऊन जमिनीवर बसा, पेपर वाचा, फोनवर हळू आवाजात बोला. टक लावून बघू नका. नजरेला नजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. हा पोरखेळ नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात २०२० साली हे तपासून पाहिलं. असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरं जास्त जवळ आली. मुलांना एकेकटं पाठवा, जोडीने नको.

सकाळी फक्त दोन गोष्टी बघा. ताटलीतलं रात्री कमी झालं का, आणि ट्रेमध्ये लघवीचे गोळे व शी दिसते का. दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर ती महिनाभर दिवाणाखाली राहिली तरी मला चिंता नाही. एकाचंही 'नाही' असेल तर खालची दोन पत्रं वाचा, राजेंद्रनगरच्या मनीचं आणि महूच्या बोक्याचं.

प्रश्न: रोज सकाळी अर्धी वाटी दूध देतो. चालेल ना? (तिलकनगर)

उत्तर: नको. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात, आणि मग "नव्या घरचं पाणी लागलं" म्हणून औषध विचारायला येता.

प्रश्न: आमच्या घरात अंडंही येत नाही. आधीच्या घरी तिला चिकन-मासे मिळायचे. आमच्याकडे दहीभात खाते, तूप-पोळी खाते, शेव तर आवडीने. हळूहळू पूर्ण शाकाहारी करता येईल का? (रामबाग)

उत्तर: येणार नाही. ती खाते म्हणजे तिला पुरतं, असं नसतं. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, आणि तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाच्या या आजाराचं कारण टॉरिनची कमतरता आहे हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवलं, आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यात ते वाढवलं गेलं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व करून घेतो, मांजराला तेही जमत नाही. दहीभातावर ठेवलेलं मांजर काही महिने छान दिसतं. नुकसान नंतर समोर येतं, आणि डोळ्यांचं झालेलं भरून येत नाही.

घरात मांस शिजवायचं नसेल तर मी समजू शकते. मोठ्या मांजरांसाठीचं बंद पाकिटातलं खाद्य आणा, पाकिटावर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं. कुत्र्याचं नको, त्यात टॉरिन मांजराच्या हिशेबाने घातलेलं नसतं. आणि पाकिटही चालत नसेल तर ससा पाळा, मांजर नको.

शेव बंद. मीठ-तिखट तर आहेच, पण कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवलेला असो, तळलेला असो की मसाल्यात पूड म्हणून असो. सकाळच्या पोह्यांतलं "एवढंसं" सुद्धा नको. खाद्य बदलायचंच असेल तर पहिले दोन आठवडे जुनंच चालू ठेवा. मग आठ-दहा दिवसांत थोडं थोडं नवं मिसळत जा. किडनीचा किंवा मधुमेहाचा त्रास आधीपासून असेल तर बदल डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: आमची मावशी जुलैत गेली. तिची सात वर्षांची मनी आम्ही आणली. चांगली गुटगुटीत आहे, साडेसहा किलो. आज चौथा दिवस, पाणी पिते पण अन्नाला तोंड लावत नाही. सगळे म्हणतात ती दुःखात आहे, भूक लागली की खाईल, जनावर स्वतःहून उपाशी मरत नाही. तोवर ताकदीचं टॉनिक देऊ का? (राजेंद्रनगर)

उत्तर: हे पत्र अंक निघेपर्यंत थांबवण्यासारखं नव्हतं. वाचल्याबरोबर फोन केला आणि मनीला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला सांगितलं. पुढचं बाकीच्यांसाठी. लांब आहे, पण हा स्तंभ मी चालवते तो मुख्यतः यासाठीच.

"भूक लागली की खाईल" हे धडधाकट मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत एखाद-दोन दिवस खपून जातं. मांजराच्या बाबतीत तेच वाक्य जीव घेतं. अन्न बंद झालं की मांजराचं शरीर अंगातली चरबी मोडून यकृताकडे पाठवतं. इतकी चरबी हाताळायची त्या यकृताची ताकद नसते. ती यकृतातच साचत जाते, यकृत सुजतं, काम थांबवू लागतं. मग मळमळ सुरू होते, आणि मळमळीमुळे मांजर आणखी खात नाही. सुरुवात दुःखाने झाली असेल, दाताने झाली असेल, नव्या ताटलीच्या रागाने झाली असेल. चार-पाच दिवसांनी मूळ कारण बाजूलाच राहतं आणि यकृताचा आजार स्वतःच्या पायावर उभा राहतो. धोका सर्वांत जास्त गुटगुटीत मांजरांना, कारण पाठवायला चरबी भरपूर. "अंगावर आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं" हे म्हणूनच उफराटं आहे.

लोक विचारतात, मग कळणार कसं? मांजराला खिडकीच्या उजेडात घ्या आणि कानाची पाळी हलकेच उलटी करा. आतली कातडी नेहमी फिकट गुलाबी असते. तिला हळदीची छटा आली असेल, हिरड्या आणि डोळ्याचा पांढरा भागही तसाच दिसत असेल, तर ती कावीळ. पण हे दिसेपर्यंत थांबायचं असं मी सांगत नाहीये. पिवळेपणा दिसतो तेव्हा बरेच दिवस वाया गेलेले असतात. मग नुसत्या सलाईनवर भागत नाही. नाकातून किंवा मानेतून नळी घालून कित्येक आठवडे पातळ अन्न द्यावं लागतं, आणि ते घरच्यांनाच दिवसातून चार-पाचदा करावं लागतं. वेळेत आलेली बरीच मांजरं यातून उठतात. उशिरा आलेल्यांचं सांगवत नाही.

म्हणून हिशेब पक्का ठेवा. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. ४८ तास झाले तर फोन नाही, थेट दवाखाना. पिल्लू, म्हातारं किंवा आधीच आजारी मांजर असेल तर इतकंही थांबू नका. "थोडं चाटलं" हे खाणं नव्हे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. तुमच्या पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममध्ये किती ते छापलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रात्री ताटली मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. अंदाजाने सांगणारे जवळजवळ सगळे जास्तच सांगतात.

पहिल्या २४ तासांत घरी काय करता येईल? आधीच्या घरी जे खाद्य होतं तेच आणा, त्याच कंपनीचं, त्याच चवीचं. ओलं खाद्य अंगाच्या उष्णतेइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास, कोमट करा. वास उठला की मांजर ताटलीकडे वळतं. खोल वाटी नको, पसरट बशी घ्या. ठेवून निघून जा, समोर उकिडवं बसून "खा गं, खा गं" करू नका. शिंका येत असतील, नाक वाहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा; वास येत नाही ते मांजर खात नाही, आणि घर बदलण्याच्या ताणाने जुनी सर्दी उलटणं नेहमीचं आहे.

काय करायचं नाही तेही ऐका. सिरिंजने जबरदस्तीने तोंडात भरू नका. फुप्फुसात जाण्याची भीती असते, आणि ज्या अन्नाबरोबर झटापट झाली त्याचा मांजर कायमचा तिटकारा करतं. टॉनिकने यकृतातली चरबी हलत नाही. मेडिकलमधून माणसांचं भुकेचं सिरप मनाने आणू नका. आणि अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल? कधीही नाही, पाव गोळीसुद्धा नाही. पाचशेची एक गोळी मोठं मांजर मारू शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. चुकून दिलीच असेल तर लपवू नका, लाजू नका, ताबडतोब गाडी काढा.

मनी दुःखात असेल का? असेलही. सात वर्षं एका माणसाच्या उशाशी झोपलेलं जनावर आहे. पण दुःख हे निदान तपासणी झाल्यावर करायचं असतं. दात, किडनी, ताप, पोट, हे सगळं बघून काही सापडलं नाही तर मग म्हणा दुःख. आणि दुःखातल्या मांजरालाही यकृत असतंच. माझा संताप मांजराच्या न खाण्यावर नाही, थांबण्याच्या सबबींवर आहे. आज रविवार आहे, पितृपक्ष संपू दे, मुलगा मुंबईहून येऊ दे. तोवर चौथ्या दिवसाचा सातवा झालेला असतो.

प्रश्न: नवा बोका मागच्या महिन्यात सारखा ट्रेमध्ये बसून कुंथायचा. बद्धकोष्ठ समजून एरंडेल दिलं. दवाखान्यात नेल्यावर लघवी अडकल्याचं कळलं. आता बरा आहे. पुन्हा झालं तर फरक कसा ओळखायचा? (महू)

उत्तर: घरी फरक ओळखायचा नाही. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, थेंबभर होतंय किंवा काहीच होत नाहीये, ओरडतोय, तिथलं सारखं चाटतोय, एवढं दिसलं की लघवी अडकली असंच धरून निघायचं. बद्धकोष्ठ निघालं तर आनंदच. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती पूर्ण बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. तुमच्या महूत तर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एकदा अडकलेल्याची पुन्हा अडकण्याची शक्यता असते, आणि घर बदलण्याचा ताण हे त्यामागचं एक मोठं कारण. पाणी जास्त पोटात जाईल असं बघा: ओलं खाद्य, घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी. पुढचा आहार तुमच्या डॉक्टरांनी ठरवावा, एरंडेलाच्या बाटलीने नव्हे.

प्रश्न: मांजर दत्तक घेतल्याचं सांगताच दुकानदाराने मन शांत करणारा पट्टा, हर्बल थेंब, लव्हेंडरच्या वासाचं लिटर, झाकणाचा ट्रे आणि शाम्पू असं 'सेटलिंग किट' दिलं. साडेचार हजार झाले. आणखी काय घ्यावं? (विजयनगर)

उत्तर: आणखी काही नको. यातलं परत करता आलं तर बघा.

लव्हेंडरचं लिटर तुमच्या नाकासाठी आहे. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्याला ती खोली अत्तराच्या दुकानासारखी वाटत असणार, आणि मग ते गादीवर लघवी करतं आणि बदनाम होतं. आधीच्या घरी जे लिटर होतं तेच, बिनवासाचं, दोन इंच जाड पसरा. झाकणाचा ट्रे वास आत कोंडतो. ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी, आणि दुकानातले बहुतेक ट्रे त्याहून लहान असतात. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा आणा, एक बाजू कापून उतरती करा, झालं. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. शी रोज काढायची, सुट्टीच्या दिवशीही.

हर्बल थेंबांच्या बाटलीवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर ती फेकून द्या, मांजराला चाटवू नका. टी-ट्रीसारखी सुगंधी तेलं मांजरांना विषारी आहेत. मांजराच्या चेहऱ्याच्या गंधासारखं कृत्रिम द्रव्य सोडणारे भिंतीतले डिफ्युझर मिळतात. त्यांचा काही मांजरांना थोडा फायदा होतो. पण खोली, खोकं आणि वेळ हे फुकटचं देऊन झाल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका, आणि घालण्याआधी विचारा. नखं घासायला काथ्याची दोरी गुंडाळलेला लाकडी खांब पुरतो. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यावर नखं मारते तिथेच तो उभा करा.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, बाहेरचं जनावर, आधी जंतुनाशक घालून आंघोळ घाला आणि खोली रोज फिनाइलने पुसा. अंगावर पिसवाही आहेत. घरात कुत्र्याच्या पिसवांचं औषध पडलंय, अर्धं टाकू का? (स्नेहलतागंज)

उत्तर: तिन्ही नको. सासूबाईंना सांगा, स्वच्छतेचा आग्रह बरोबर आहे, बाटल्या चुकीच्या आहेत. फिनॉलच्या जातीची रसायनं मोडण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. तुम्ही फरशी पुसता, मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं. साबणाच्या पाण्याने पुसा, फरशी वाळू द्या. कुत्र्यांच्या बऱ्याच पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराच्या कातडीवर पडलं तरी झटके येतात, आणि "अर्धं" हा हिशेब तिथे चालत नाही. मांजरासाठीचंच औषध, वजन करून, डॉक्टरांकडून घ्या. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढा. कुणी लिलीची फुलं असलेला गुच्छ आणला तर तो दारातूनच परत करा. परागकण चाटल्यानेही किडनी निकामी होते.

आंघोळ पहिले काही आठवडे अजिबात नको. मांजर स्वतःला स्वच्छ ठेवतं. ठेवत नसेल, केस तेलकट, गुंतलेले दिसत असतील, तर ते दुखण्याचं लक्षण आहे, शाम्पूचं काम नाही.

प्रश्न: घरी आधीची एक मांजरी आहे. नवीला आणून दोघींना एका खोलीत सोडलं, म्हणजे आपापसांत मिटवतील असं वाटलं. आता दोघी फिसकारतात आणि जुनी पलंगावर लघवी करते. (पलासिया)

उत्तर: मिटवत नसतात. आजच वेगळ्या करा, खेळ पहिल्यापासून मांडा. नवीला बंद खोलीत किमान दोन आठवडे ठेवा. तो काळ आजार कळायलाही हवाच. मांजरांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य जुलाब लक्षणं दिसण्याआधी काही दिवस अंगात असतो, आणि गजकर्ण तर माणसांनाही लागतं. दरम्यान नवीची तपासणी, लसी, जंतांचं औषध. दोन्ही मांजरांच्या रक्तातल्या विषाणूंची चाचणी करावी का हेही विचारून घ्या. लसींचा इतिहास माहीत नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि रेबीजची लस.

मग वासाची अदलाबदल. एकीची चादर दुसरीकडे. नंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींचं जेवण, आधी दारापासून लांब, रोज थोडं जवळ. दोघी शांतपणे खाऊ लागल्या की दार दोन बोटं उघडं. कुठल्याही टप्प्यावर फिसकारलं की एक पायरी मागे. आठवडे लागतात, कधी महिने. जुनीच्या लघवीचीही तपासणी करून घ्या. सगळं रागावर ढकलू नका. नसबंदी झालेली नसेल तर आधी ती.

प्रश्न: सून गरोदर आहे. शेजारच्या काकू म्हणतात, मांजरामुळे बाळाला धोका, केस पोटात गेले तर दमा होतो. मांजर परत देऊ का? (लोकमान्यनगर)

उत्तर: परत देऊ नका, ट्रे साफ करणारा बदला. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी खरा आहे आणि गरोदरपणात त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, एक-दोन-तीन आठवडे त्याची अंडी शीतून टाकतं, आणि त्यांना संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मुलाने ट्रे रोज साफ करायचा, सुनेने हात लावायचा नाही. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरापेक्षा न धुतलेली पालेभाजी, अर्धकच्चं मांस आणि बागेतली माती यांतून धोका जास्त. सुनेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरी मांजर आहे हे सांगा, चाचणी करायची का ते ठरवतील. केसांमुळे दमा होत नाही. लाळेतल्या आणि कातडीवरच्या एका प्रथिनाची काहींना ॲलर्जी असते. ती असेल तर माणसांच्या डॉक्टरांकडे जा, काकूंकडे नको.

प्रश्न: चावलं, पण दोन थेंबच रक्त आलं. मांजर घरातलंच आहे. (देवास)

उत्तर: साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि आजच माणसांच्या डॉक्टरांकडे जा; इंजेक्शन लागेल की नाही हे ते ठरवतील, तुम्ही नाही, मीही नाही.

प्रश्न: नाव बदललं तर चालेल का? (राजमोहल्ला)

उत्तर: चालेल, फक्त जेवणाच्या वेळी नव्या नावाने हाक मारा.

प्रश्न: कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, असं म्हणतात. आधीचं घर दोन गल्ल्या पलीकडेच आहे. दार उघडं राहिलं तर निघून जाईल का? (तिलकनगर)

उत्तर: जाईल. मांजर जागा लक्षात ठेवतं, हे म्हणण्यात तथ्य आहे. निदान चार आठवडे घराबाहेर सोडू नका, आणि माझं विचाराल तर नंतरही नको. रस्त्यावरची वाहनं आणि कुत्री पुरेशी आहेत. बाल्कनीला डासांची जाळी लावून निर्धास्त होऊ नका, नखांनी ती फाटते. लोखंडी किंवा मजबूत कबुतरजाळी लावून घ्या. दार सांभाळायची खरी वेळ म्हणजे दिवाळी आणि रंगपंचमी. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी सकाळीच मांजराला आतल्या खोलीत बंद करावं, पाणी आणि ट्रे आत देऊन. गळ्यात पट्टा घालाल तर ओढला की आपोआप सुटणारा घाला, त्यावर तुमचा फोन नंबर हवा. निघून गेलंच तर आधीच्या घरी लगेच कळवा, खायला घालू नका म्हणावं, धरून ठेवा म्हणावं.

प्रश्न: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा नियम मोबाइलवर वाचला. आमच्याकडे तीन महिने झाले. खाते, ट्रे वापरते, आम्ही टीव्ही बघतो तेव्हा सोफ्याच्या पाठीवर येऊन झोपते. पण मांडीवर येत नाही. जमत नाही असं समजून दुसऱ्या कुणाला द्यावी का? (राजेंद्रनगर)

उत्तर: ती रुळली आहे. तुम्हाला अजून कळलेलं नाही. तुमच्यापासून हातभर अंतरावर पाठ करून झोपणं हा मांजराने दिलेला मोठा विश्वास आहे. काही मांजरं मांडीवर येतात, काही जन्मभर येत नाहीत. तो तीन-तीनचा नियम निवाराघरांनी लोकांना धीर धरावा म्हणून सांगितलेला ढोबळ अंदाज आहे, मांजराने त्यावर सही केलेली नाही. एकच करा: उचलताना किंवा पाठीवरून हात फिरवताना ती दचकत असेल, उडी मारायला कचरत असेल, तर दात आणि सांधे तपासून घ्या. दुखणारं मांजर जवळ येत नाही. तिला इकडून तिकडे देत राहू नका. आणि "मग सोडूनच देतो कुठेतरी" असं आणखी एका पत्रात वाचलं, म्हणून सांगते: उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न: प्रत्येक उत्तरात तुम्ही दवाखान्यात आणा म्हणता. आणायचं कसं? पिशवी बघितली की पळते, स्कूटरवर मागच्याच्या मांडीत धरून आणलं तर अण्णाभाऊंचा हात फाडला. (नंदानगर)

उत्तर: मांडीत धरून कुणीही आणू नका, मांजर सुटलं तर रस्त्यात परत सापडत नाही. टणक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा कॅरिअर घ्या आणि तो माळ्यावर टाकू नका. पहिल्या दिवसापासून खोलीतच उघडा ठेवा, आत तिची चादर, अधूनमधून खाऊ. महिनाभरात ती त्यातच झोपू लागेल. निघताना वरून टॉवेल झाका, शक्यतो रिक्षा किंवा कार करा, कॅरिअर पायांपाशी खाली ठेवा. शी-लघवी, उलटी, चालणं यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत आणा. टेबलावर आली की मांजरं काहीच करून दाखवत नाहीत. आधीच्या मालकांकडची लसींची वही मागून घ्या. येण्याआधी फोन करा. संध्याकाळी कुत्र्यांची गर्दी असते, मांजरांना मी सकाळची वेळ देते. अण्णाभाऊंनाही त्या हाताचं डॉक्टरांना दाखवायला सांगा.